डॉक्टर गाशेंची प्रतिकृती करून घ्यायची असेल तर

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे वडील हृदयरोगाचे डॉक्टर, दिवाळीनंतर प्रॅक्टिस थांबवणार. व्हॅन गॉगवर त्याच्या शेवटच्या दिवसांत उपचार करणाऱ्या डॉक्टर गाशेंचं त्याने काढलेलं पोर्ट्रेट त्यांना फार आवडतं, म्हणून त्याची हाताने रंगवलेली तैलप्रतिकृती त्यांना द्यायची आहे. ऑनलाइन भाव दोन हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत दिसतात आणि सगळीकडे ‘म्युझियम क्वालिटी’ असंच लिहिलेलं असतं. इथल्याच कुणा चित्रकाराकडून करून घेता येईल का, काय तपासायचं आणि आपल्याकडच्या उन्हात-धुळीत ते टिकेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी संभाजीनगरात पोर्ट्रेटं करतो आणि मागणीप्रमाणे जुन्या चित्रांच्या प्रतिकृतीही. तुमच्या प्रश्नाआधी माझाच एक प्रश्न: कोणते गाशे? व्हिन्सेंट व्हॅन गॉगने हे पोर्ट्रेट जून १८९० मध्ये दोनदा रंगवलं. पहिल्यात टेबलावर दोन पिवळी पुस्तकं आहेत (फ्रेंच लेखक गोंकूर बंधूंच्या कादंबऱ्या) आणि पेल्यात फॉक्सग्लोव्ह या औषधी वनस्पतीची फुलांची डहाळी. दुसऱ्यात पुस्तकं नाहीत, पेला नाही, डहाळी हाताशी टेबलावर आहे. बाबांना नेमकं कोणतं आवडतं, ते गुपचूप काढून घ्या. ऑनलाइन दुकानांत दोन्ही एकाच नावाखाली असतात. फोटो एकाचा आणि घरी येतं दुसरंच, असं होऊ शकतं.

पहिलं चित्र फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात होतं. १९३७ मध्ये नाझींनी ते जप्त केलं, मग हातोहाती करत अमेरिकेत पोचलं. १५ मे १९९० ला न्यूयॉर्कच्या लिलावात ते ८ कोटी २५ लाख डॉलरला जपानच्या रयोएई साइतो या उद्योगपतीने घेतलं. लिलावातला तोवरचा तो जागतिक उच्चांक होता. त्यानंतर ते लोकांसमोर आलेलं नाही. २०१९ मध्ये श्टेडेलने व्हॅन गॉगवर मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा या चित्राची रिकामी चौकट टांगली होती. दुसरं चित्र गाशेंच्या मुलामुलीने १९४९ मध्ये फ्रान्सला दिलं, ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. ऑर्सेच्या चित्राचे चांगले मोठे फोटो मिळतात, जाऊन आलेल्यांकडून रंग पडताळता येतो. पहिल्याला जुन्या छापील फोटोंचाच आधार. बाबांची पसंती दोन्हींना सारखीच असेल तर ऑर्सेचंच करून घ्या.

आता मुद्द्याचं. अशा प्रतिकृतीत तुम्ही चेहऱ्याच्या साम्याचे पैसे देत नसता. साम्य आज प्रिंटरही देतो आणि कोणत्याही माणसापेक्षा चांगलं देतो. तुम्ही पैसे देता ते ब्रशच्या फटकाऱ्यांचे: कुठून सुरू झाला, कुठे वळला, किती रंग घेऊन आला, खालचा रंग ओला होता की सुकलेला. पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी, जिथे गाशे राहायचे, व्हिन्सेंट १८९० च्या २० मेला आला आणि २९ जुलैला वारला. या सत्तर दिवसांत त्याने सत्तरच्या वर चित्रं केली. म्हणजे ही चित्रं बहुतेक एकेका बैठकीत, ओल्यावर ओला रंग टाकत झालेली आहेत. हा वेग प्रतिकृतीत दिसला पाहिजे. गंमत अशी की तो वेग दाखवायला आम्हाला फार सावकाश जावं लागतं. मी अशा चित्राला हात घालण्याआधी वाया गेलेल्या कॅनव्हासच्या तुकड्यांवर एकेका भागाचा सराव करतो. बाहीवरच्या फटकाऱ्यांची दिशा हाताला पाठ झाली की मगच खऱ्या कॅनव्हासवर एका दमात बाही घेतो. चुकली तर नाईफने खरवडून पुन्हा. वर दुरुस्ती करत बसलं की रंग मळतो, आणि मळलेला निळा कुणालाही ओळखू येतो.

म्हणूनच चित्रकार निवडताना जरा सांभाळून. मराठवाड्यात फोटोवरून पोर्ट्रेट करणारे हात उत्तम आहेत. बरेच जण पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आलं आणि ते काम बसलं, मग ते आजी-आजोबांच्या पोर्ट्रेटकडे वळले. पण त्यांची सगळी तयारी गाल गुळगुळीत करण्याची, सावलीचे उतार विरघळवण्याची. गाशे त्यांच्या हाती दिले की ते ‘सुधारतात’. कपाळावरचे हिरवट-पिवळे फटकारे त्यांना डाग वाटतात. डोळे उदास दिसावेत म्हणून पाण्याची चमक भरतात. मूळ चित्रात उदासी डोळ्यांत कमी आणि एकूण अंगाच्या कलण्यात जास्त आहे: डोकं उजव्या मुठीवर टेकलेलं, आणि धड त्या बाजूला कललेलं. हा तिरका तोल एक इंच जरी सरळ झाला तर माणूस नुसता कंटाळलेला दिसतो. तेव्हा चित्रकाराला त्याची पोर्ट्रेटं दाखवायला सांगू नका. जाड रंगातलं, फटकारे मोकळे ठेवलेलं एखादं निसर्गचित्र किंवा वस्तुचित्र दाखवायला सांगा. शासकीय चित्रकला महाविद्यालयातून पेंटिंग करून बाहेर पडलेली, अजून नाव न झालेली मुलं-मुली या कामाला मला जास्त योग्य वाटतात. त्यांच्या हाताला अजून साच्याची सवय लागलेली नसते.

ऑनलाइनचं काय? चीनमध्ये शेन्झेन शहरात दाफेन नावाची वस्ती आहे, तिथे वर्षानुवर्षं व्हॅन गॉगच्या प्रती शेकड्यांनी रंगवल्या गेल्या. कामाची वाटणी असते, एक जण पार्श्वभूमी करतो, दुसरा चेहरा. ते काम खरोखर हाताने केलेलं असतं, वाईटच असतं असंही नाही. पण तिथला माणूस बहुधा मूळ चित्राची नाही, आधीच्या प्रतीची प्रत करत असतो. दर पिढीत थोडा रंग भडक होतो आणि चेहरा थोडा गोंडस. दुसरा प्रकार यापेक्षा वाईट: कॅनव्हासवर प्रिंट काढायचं, वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारायचे आणि ‘हँडमेड’ म्हणून विकायचं. हे ओळखायला सोपं आहे. मोबाइलची बॅटरी चित्राच्या कडेने आडवी धरा. खऱ्या चित्रात रंगाचा उंचवटा आणि रंगाची हद्द एकाच ठिकाणी असतात. जेलवाल्यात उंचवटे एकीकडे जातात आणि खालचं चित्र दुसरीकडे. भिंग असेल तर प्रिंटचे बारीक ठिपके दिसतील. नवीन तैलचित्राला जवसाच्या तेलाचा वास काही आठवडे असतोच, वास अजिबात नसेल तर ॲक्रिलिक किंवा प्रिंट समजा. दोन हजारांत जाड रंगातलं एवढं मोठं तैलचित्र बसत नाही. निव्वळ रंगाचा आणि कॅनव्हासचा हिशोब केलात तरी लक्षात येईल.

रंगाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण हे चित्र निळ्यावर निळं आहे आणि तिथेच बहुतेक प्रती पडतात. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात व्हिन्सेंटने स्वतःच पहिल्या चित्राची यादी दिली आहे: पांढरी टोपी, चेहरा आणि हात उजळ, निळा कोट, मागे कोबाल्ट निळा, लाल टेबल, पिवळं पुस्तक, जांभळ्या फुलांचं फॉक्सग्लोव्ह. कोट आणि पार्श्वभूमी दोन्ही निळ्या, तरी माणूस मागच्या निळ्यात बुडत नाही, कारण कोटाचा निळा गडद आणि जड आहे, मागचा कोबाल्ट हलका आणि थंड. आता असली कोबाल्टची ट्यूब महाग असते. म्हणून ‘कोबाल्ट ब्लू ह्यू’ (म्हणजे स्वस्त रंगद्रव्यांतून जुळवलेली नक्कल) वापरतात किंवा सरळ अल्ट्रामरीन, आणि अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो. मग सगळी पार्श्वभूमी वांगी दिसायला लागते. चित्रकाराला ट्यूब दाखवायला सांगायला लाजू नका. पाठीमागे पिगमेंटचा नंबर छापलेला असतो: पीबी २८ म्हणजे खरा कोबाल्ट, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन. कोटाच्या गडद रेघा काळ्या रंगाने काढल्या तर चित्र तिथेच मरतं. प्रशियन निळ्याने काढायला सांगा.

पांढऱ्याचंही तसंच. व्हिन्सेंट शिसं असलेला पांढरा आणि झिंक पांढरा असे दोन्ही वापरायचा. शिशाचा पांढरा विषारी आहे, आज तो वापरण्याचं कारण नाही. नुसता झिंक तेलात कालांतराने ठिसूळ होतो आणि जाड थराला तडे जातात. टोपीसाठी टायटेनियम पांढरा बरा.

इथे एक पेच येतो. १८९० चे काही रंग टिकाऊ नव्हते. जेरेनियम लेक नावाचा त्याचा आवडता लाल-गुलाबी उजेडात विटतो, त्यामुळे त्याच्या कित्येक चित्रांत जांभळ्याचा निळा झालाय. त्याच्या बेडरूमच्या चित्रातल्या भिंती पत्रात फिक्या जांभळ्या आहेत आणि आज निळ्या दिसतात. क्रोम पिवळाही उजेडाने तपकिरीकडे जातो. मग प्रतिकृती आजच्या चित्राची करायची की तेव्हाच्या? माझं मत आजच्या चित्राच्या बाजूने आहे. बाबांच्या मनात जे चित्र आहे ते आजचं आहे, आणि १८९० च्या रंगांचा अंदाज बांधणं म्हणजे आपलंच चित्र त्याच्या नावावर खपवणं. फक्त फुलांपुरती मी सूट घेतो: पत्रात जांभळी म्हटलीत तर चिमूटभर जांभळा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तिथे रंग आणि बारकावे दोन्ही जातात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची मोठी फाइल चांगल्या लॅबमधून मॅट कागदावर छापून घ्या आणि ती चित्रकाराच्या इझलशेजारी लावा.

आकार. ऑर्सेचं चित्र साधारण ६८ बाय ५७ सेंटिमीटर आहे, म्हणजे अंदाजे २७ बाय साडेबावीस इंच. प्रतिकृती मूळ मापाची न करण्याचा संकेत आहे, कुणाला ती पुढे खरी म्हणून विकता येऊ नये म्हणून. २४ बाय २० इंच घ्या. प्रमाण जवळजवळ तेच राहतं, काही कापावं लागत नाही आणि तयार स्ट्रेचर मिळतो. फक्त चित्रकाराने ब्रश एक-दोन नंबर लहान घ्यायला हवेत, नाहीतर कमी जागेत तेवढेच फटकारे बसत नाहीत आणि तो फटकारे गाळायला लागतो. पाठीमागे ‘व्हॅन गॉगनुसार’, चित्रकाराचं नाव आणि साल ठळक लिहून घ्या. कायद्याची भीती नको. आपल्याकडे कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, व्हिन्सेंटला जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. गुन्हा होतो तो मूळ म्हणून विकण्यात.

नकलेला कमी समजणारी मंडळी भेटतील. त्यांना सांगा की व्हिन्सेंटनेच सेंट-रेमीच्या दवाखान्यात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या वीसेक प्रतिकृती केल्या, त्याही काळ्या-पांढऱ्या छापील चित्रांवरून, रंग स्वतःचे घालून. दुसऱ्याने रचलेलं संगीत वादक वाजवतो तसं हे आहे, असं त्याने भावाला लिहिलं. आणि गाशेंचं घर तर प्रतिकृतींचं घर होतं. डॉक्टर स्वतः ‘पॉल व्हान रायसेल’ या नावाने चित्रं काढायचे, त्यांनी, त्यांच्या मुलाने आणि ब्लांश दरूस या शिष्येने संग्रहातल्या चित्रांच्या प्रती केल्या. त्यामुळे ऑर्सेचं चित्रही कुणी नंतर केलेली प्रत असावी असा संशय बरीच वर्षं घेतला जात होता. १९९९ च्या सुमारास गाशे संग्रहावर मोठं प्रदर्शन झालं, त्या निमित्ताने चित्रांची तपासणी झाली आणि संग्रहालय ते व्हिन्सेंटचंच मानतं.

आपल्या दाराशीच अजिंठा आहे, त्यामुळे प्रतिकृतीचं मोल आपल्याला शिकवायला नको. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथे राहून कॅनव्हासवर तैलरंगात प्रती करत होता, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कला शाळेतले पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी घेऊन पुन्हा प्रती केल्या, त्यातल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पण मला अजिंठ्यातून यापेक्षा कामाची गोष्ट मिळते ती वॉर्निशची. प्रती करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर वॉर्निश लावलं गेलं, ते पिवळं पडलं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी साफसफाई केली, पण त्यांनी वापरलेलं लाखेचं लेपन पुढे गडद झालं. दुरुस्तीची दुरुस्ती अजून चालू आहे.

तेव्हा तुमच्या चित्राला घाईने वॉर्निश लावू देऊ नका. तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. वरून हाताला सुकलेला जाड थर आत महिनोन्‌महिने मऊ असतो. सहा महिने ते वर्षभराने लावा, आणि ते पुढे काढता येईल अशा प्रकारचंच. खरं म्हणजे नाही लावलं तरी चालेल. व्हिन्सेंटची बरीच चित्रं त्याने वॉर्निशशिवायच सोडली होती, ती मॅट कोरडी झाक गाशेंना शोभते. लवकर सुकावं म्हणून कुणी गच्चीवर उन्हात ठेवत असेल तर थांबवा, वरची साय आधी धरते आणि सुरकुत्या पडतात. घाईच असेल तर चित्रकाराने पहिल्या थरांत अल्किड मीडियम (रंगात मिसळायचं, लवकर सुकवणारं द्रव्य) वापरावं. आणि हो, कुणीतरी घाण्याचं ताजं जवस तेल रंगात घालायला सुचवेलच, आपल्याकडे जवस घरचंच. ते चटणीवर घ्या. चित्राला शुद्ध केलेलं, चित्रकलेसाठी म्हणून मिळणारं तेलच हवं, घाण्याचं फार पिवळं पडतं.

हवामानाचं म्हणाल तर ऊन आणि धूळ यांची मला फारशी धास्ती नाही. सरळ ऊन पडणारी भिंत टाळली आणि महिन्यातून एकदा मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडली की झालं. धास्ती कूलरची. एप्रिल-मेमध्ये कूलरचा ओला झोत चित्रावर येत राहिला तर कॅनव्हास सैल-घट्ट होत राहतो आणि जाड रंगाला बारीक तडे जातात. कूलरच्या समोरची भिंत बाद समजा. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही बाद, तिथे कॅनव्हासला मागून बुरशी येते. चौकटीच्या चार कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. स्ट्रेचर सुताराकडून करून घेत असाल तर पूर्ण वाळलेलं लाकूड आणि कोपऱ्यांत पाचरी ठोकायची सोय मागा, म्हणजे पुढे सैल पडलं तर ताणता येतं. काच लावू नका, फटकाऱ्यांचा उंचवटा मारला जातो. आणि दवाखाना पुढे दुसरं कुणी चालवणार असेल व चित्र तिथे लावणार असाल तर सफाईवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा, ओलं फडकं किंवा फिनाइल चित्राला लावायचं नाही.

लावायचं कुठे, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. पेशंट बसतात त्या हॉलमध्ये नको. गाशेंनी १८५८ मध्ये विषण्णतेवर प्रबंध लिहिला होता, आणि हा माणूस माझ्यापेक्षा जास्त आजारी दिसतो, अशा अर्थाचं व्हिन्सेंटनेच लिहून ठेवलंय. ईसीजीचा रिपोर्ट हातात धरून बसलेल्या पेशंटसमोर असा हताश डॉक्टर कशाला? बाबांच्या अभ्यासाच्या खोलीत मात्र त्याची जागा आहे. टेबलावरचं ते फॉक्सग्लोव्ह म्हणजे डिजिटॅलिस, त्याच वनस्पतीकुळातून डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध आलं. हृदयाच्या डॉक्टरला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

व्यवहाराचं: काम तीन टप्प्यांत ठरवा आणि पैसेही तसेच द्या. रेखाटन झाल्यावर एकदा बघा, तिथे कलण्याचा कोन तपासा. पार्श्वभूमी आणि कोटाचा पहिला थर झाल्यावर दुसऱ्यांदा, दोन निळ्यांमधला फरक दोन मीटरवरून डोळे मिचकावून पाहा. चेहरा झाल्यावर तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ‘जरा अजून सारखं करा’ असं म्हणू नका, त्याने चेहरा गुळगुळीत होतो. दिवाळीनंतर द्यायचं असेल तर पावसाळा लागायच्या आधी काम सुरू झालेलं बरं, म्हणजे जाड थरांना चार-पाच महिने मिळतात. संभाजीनगरहून लातूरला आणताना गुंडाळून आणू नका, जाड रंग तडकतो. स्ट्रेचरवर ताणलेलंच, रंगाला काही टेकणार नाही अशा खोल खोक्यात, गाडीच्या मागच्या सीटवर उभं ठेवून आणा.